कॅरेरा जीटी की एलएफए? संग्रहासाठी एक व्ही१० गाडी निवडताना

पोर्शे कॅरेरा जीटी आणि लेक्सस एलएफए यांची तुलना निघाली की बोलणं ताकद, वेग आणि किती गाड्या बनल्या यांवर येऊन थांबतं. आकडे सांगायला सोपे असतात, म्हणून तसं होतं. पण ज्याला यांतली एक गाडी विकत घेऊन पुढची वीस वर्षं सांभाळायची आहे, त्याला या आकड्यांचा उपयोग थोडाच. त्याच्यासाठी खरे प्रश्न वेगळे आहेत. गाडीची देखभाल कोण करणार, सुटे भाग कुठून येणार, आणि समोर उभी असलेली नेमकी ही गाडी आजवर कशी वापरली गेली? मॉडेल निवडण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व त्या मॉडेलची एक विशिष्ट गाडी निवडण्याला आहे. हा लेख त्या क्रमाने जातो.

पायरी १: दोन्ही गाड्या कशातून जन्मल्या ते समजून घ्या

हा इतिहास केवळ हौसेचा नाही. गाडी कशासाठी बनली होती यावर ती कुठे झिजते हे ठरतं.

कॅरेरा जीटीचं इंजिन शर्यतीतून आलं. पोर्शे फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी एक गाडी तयार करत होती. तो प्रकल्प १९९९ मध्ये गुंडाळला गेला, पण त्यातलं व्ही१० (दहा सिलिंडरचं) इंजिन वाया गेलं नाही. २००० साली पॅरिसमध्ये ते एका संकल्पना-गाडीत दिसलं, आणि २००३ पासून लाइपझिगच्या कारखान्यात रस्त्यावरची गाडी बनू लागली. तोवर इंजिन ५.५ वरून ५.७ लिटरचं झालं होतं. ताकद ६१२ अश्वशक्ती, तीही टर्बोशिवाय. वजन १,३८० किलो. गिअरबॉक्स एकच, हाताने टाकायचा सहा गिअरचा. चौकट कार्बन फायबरची, आणि इंजिन ज्यावर बसतं तो मागचा सांगाडाही कार्बनचाच. ठरल्या होत्या १,५०० गाड्या, पण २००६ मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा १,२७० झाल्या होत्या.

एलएफएचा रस्ता फार लांबचा. हारुहिको तानाहाशी यांच्या नेतृत्वाखाली काम २००० साली सुरू झालं आणि विक्रीची गाडी टोकियोच्या प्रदर्शनात आली ती २००९ मध्ये. मधल्या काळात अ‍ॅल्युमिनियमची बॉडी सोडून कार्बन फायबर स्वीकारण्याचा निर्णय झाला. त्यामुळे सुमारे १०० किलो वजन वाचलं आणि कित्येक वर्षांचं काम पुन्हा करावं लागलं. लेक्सस हा टोयोटाचाच ब्रँड, आणि टोयोटा घराण्याचा मूळ धंदा हातमाग-यंत्रमागांचा. त्याच परंपरेतून आलेल्या गोल मागावर या गाडीच्या छताला आधार देणारे कार्बनचे भाग विणले गेले. इंजिन यामाहाच्या साथीने घडवलेलं ४.८ लिटरचं व्ही१०, ५६० अश्वशक्ती मिनिटाला ८,७०० फेऱ्यांवर, आणि लाल रेषा (फेऱ्यांची कमाल मर्यादा) ९,००० वर. ते इतक्या झटकन फिरतं की काट्याचं मीटर मागे पडायचं, म्हणून डिजिटल मीटर लावावं लागलं: बंद थ्रॉटलपासून लाल रेषेपर्यंत ०.६ सेकंद. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या दोन वर्षांत मोतोमाची कारखान्यातल्या एका खास विभागात महिन्याला साधारण वीस या गतीने ५०० गाड्या बनल्या. प्रत्येक इंजिनावर ते जोडणाऱ्या कारागिराची सही असते.

म्हणजे पहिली शर्यतीचं यंत्र घेऊन त्याच्याभोवती बांधलेली गाडी, आणि दुसरी एका मोठ्या कंपनीने आपण काय करू शकतो हे स्वतःलाच दाखवण्यासाठी बनवलेली. पहिली चालकाकडून कौशल्य मागते, दुसरी सांभाळणाऱ्याकडून संयम.

पायरी २: गाडी चालणार किती, हे लिहून काढा

हे मनात ठेवू नका, कागदावर लिहा. वर्षाला किती किलोमीटर, कोणत्या रस्त्यांवर, ट्रॅकवर जाणार का, गाडी दुसरं कुणी चालवणार का, आणि घराजवळ किंवा निदान एका दिवसाच्या वाहतुकीच्या अंतरात या गाडीवर काम करू शकणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर तिथेच एक गाडी यादीतून कापली जाऊ शकते. पोर्शे आपल्या जुन्या गाड्यांसाठी वेगळा विभाग चालवते आणि कॅरेरा जीटीवर हात बसलेले स्वतंत्र कारागीरही आहेत. एलएफएचं काम करणाऱ्या जागा मुळातच मोजक्या. लेक्ससचं शोरूम शेजारी असलं म्हणजे तिथे एलएफए उघडता येते असं नाही.

गाडी चालवायचीच नसेल, नुसती ठेवायची असेल, तर दोन्हींपैकी एकही घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे सील सुकतात, टायर कडक होतात, ब्रेकचं आणि क्लचचं तेल ओलावा ओढतं. 'फक्त काहीशे किलोमीटर चाललेली' असं वर्णन वाचून किंमत चढते खरी, पण ती गाडी रस्त्यावर आणायला लागणारा खर्च त्या वर्णनात नसतो.

पायरी ३: आधी फाइल, मग गाडी

गाडी बघायला जाण्याआधी कागद मागवा. चॅसिस नंबर, मूळ कुठल्या देशासाठी बनली, पहिल्या नोंदणीपासून आजवरचे सगळे मालक, प्रत्येक सर्व्हिसचं बिल आणि त्यावरचं किलोमीटर रीडिंग. रीडिंग एका रेषेत वाढत गेलेलं दिसलं पाहिजे. दोन सर्व्हिसमध्ये चार-पाच वर्षांची पोकळी असेल तर त्या काळात गाडी कुठे होती, हे विचारा. चांगला मालक या प्रश्नाने दुखावत नाही. बरेचदा त्याच्याकडे त्याचाही कागद असतो.

गाडीसोबत मूळ काय आलं होतं आणि आज त्यातलं काय शिल्लक आहे, याची यादी करा. कॅरेरा जीटीला आतल्या चामड्याच्या रंगाचा सामानाच्या बॅगांचा संच मिळत असे, छताचे दोन सुटे कार्बनचे पत्रे असतात, आणि चाकांचा मधला एकच नट काढायची हत्यारंही. पुस्तिका, दोन्ही किल्ल्या, बॅटरी चार्जर, गाडीचं कापडी आवरण. यांतली हरवलेली वस्तू पुन्हा मिळवणं महाग पडतं आणि कधी कधी मिळतच नाही.

पायरी ४: कॅरेरा जीटी तपासताना

या गाडीबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं ते क्लचबद्दल, आणि ते योग्यच आहे. इंजिन शक्य तितकं खाली बसावं म्हणून पोर्शेने सिरॅमिक मिश्रणाचा, अवघ्या १६९ मिलिमीटर व्यासाचा क्लच बनवला. तो छोटा आहे, हलका आहे, आणि चुकीच्या सवयी सहन करत नाही. या गाडीत सुरुवात करताना अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नसतो. क्लच सावकाश सोडायचा, इंजिन स्वतःच फेऱ्या सांभाळून घेतं, गाडी सरकली की मग पाय द्यायचा. ज्याने हे शिकून घेतलं त्याचा क्लच वर्षानुवर्षं टिकतो. ज्याने दर सिग्नलला इंजिन गुरगुरवत गाडी उचलली त्याचा फार लवकर संपतो. क्लचची झीज मोजता येते. शेवटचं मोजमाप कधी झालं आणि किती आलं, ते लेखी घ्या. लेखी नसेल तर व्यवहाराआधी मोजून घ्यायची अट घाला. क्लच बदलणं हे छोटं काम नाही. या गाडीतल्या कुठल्याही मोठ्या कामासाठी मागची बाजू उघडून यंत्रसामग्री बाहेर काढावी लागते, त्यामुळे मजुरीच भागाच्या किमतीला टक्कर देते.

दुसरी गोष्ट, इंजिन कंट्रोल युनिटमधल्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातल्या नोंदी. हाताने गिअर टाकायच्या गाडीत पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं, आणि कुठलाही इलेक्ट्रॉनिक पहारा ते अडवू शकत नाही. अशा वेळा युनिटमध्ये साठतात, किती तास आधी घडलं त्यासकट. पोर्शेच्या अधिकृत कार्यशाळेत हा अहवाल काढून घेता येतो. तो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर मी तिथेच थांबेन.

तिसरी गोष्ट सस्पेन्शनची. २०२३ मध्ये पोर्शेने अमेरिकेतल्या कॅरेरा जीटी मालकांना गाडी चालवू नका अशी सूचना दिली होती, कारण सस्पेन्शनच्या आडव्या दांड्यांमधले गोलाकार सांधे गंजून आणि भाराने निकामी होण्याचा धोका होता. हे सांधे बदलले आहेत का, कुठे आणि कधी, याचा कागद फाइलमध्ये हवाच. नसेल तर गाडी विकत घेऊन घरी चालवत आणू नका, ट्रकवर आणा.

चौथी गोष्ट, गाडी लिफ्टवर चढवून पोटाखाली बघा. गाडी फार बसकी असल्याने चढ-उतारावर खालचे कार्बनचे पत्रे घासतात. घासल्याच्या रेघा चालतात. पण चिरा, पापुद्रे सुटलेली जागा, किंवा रेझिनने भरून वर काळा रंग मारलेला ठिपका दिसला तर अपघाताची शंका धरूनच पुढे जा. इथे एक गैरसमज दूर करतो. रंगाची जाडी मोजायचं साधं यंत्र पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी असतं, कार्बनच्या बॉडीवर त्याच्या आकड्यांना अर्थ नसतो. त्यासाठी अल्ट्रासाउंडवर चालणारं यंत्र लागतं, आणि ते वापरायची सवय असलेला माणूस लागतो. ही गोष्ट एलएफएलाही तशीच लागू आहे.

ब्रेकच्या सिरॅमिक डिस्क साध्या डिस्कसारख्या जाडीने फारशा झिजत नाहीत. ट्रॅकवर वारंवार तापल्या की त्यांतला कार्बन जळतो आणि वजन घटतं. म्हणून नुसत्या पट्टीने मोजून 'उत्तम' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आणि टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल दिसो, जुने टायर या गाडीला धोकादायक आहेत. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या कॅरेरा जीटीच्या जीवघेण्या अपघाताच्या तपासात अतिवेग हे कारण ठरलं, पण टायर नऊ वर्षं जुने असल्याचीही नोंद झाली. गाडीत स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही, घसरण आवरणारी मूलभूत सोय आणि एबीएस एवढंच आहे. सुदैवाने मिशेलिनने या गाडीसाठी नव्या पिढीचे टायर तयार केले आहेत. २०२४ मध्ये अशा टायरवर याच गाडीने जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग ट्रॅकची फेरी ७ मिनिटं १२.६९ सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे ती नवी असताना पोर्शेचे चालक वाल्टर रोएर्ल यांनी नोंदवलेल्या वेळेपेक्षा जवळपास पाव मिनिट कमी. जुने मूळ टायर जपून ठेवायचे असतील तर कपाटात ठेवा. चाकांवर नवेच हवेत.

पायरी ५: एलएफए तपासताना

इथे इंजिनाची चिंता तुलनेने कमी. टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड आणि व्हॉल्व्ह, ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना), आणि मोठ्या उत्पादकाची चाचण्यांची शिस्त. काळजी आहे ती गिअरबॉक्सची, बॉडीची आणि भागांच्या उपलब्धतेची.

गिअरबॉक्स मागच्या आसाजवळ बसवलेला, सहा गिअरचा, एकाच क्लचचा. क्लच पायाने दाबायचा नसतो, यंत्रणाच दाबते. गिअर बदलायला ०.२ सेकंद लागतात, आणि बदलाचा वेग सात टप्प्यांत कमी-जास्त करता येतो. आजच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सची सवय असलेल्याला हे धक्के खटकतील. ते दोष नाहीत, तो त्या काळाचा स्वभाव आहे. पण मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या रहदारीत असा क्लच तापतो आणि झिजतो, म्हणून शहरात वापरलेल्या गाडीचा क्लच निदान-यंत्राने तपासून आकडा घ्या.

रेडिएटर मागच्या चाकांमागे आहेत, तर इंजिन पुढे. म्हणजे पाण्याच्या नळ्या गाडीच्या पूर्ण लांबीतून जातात. पोटाखालची आवरणं काढून त्या बघायला लावा, सांध्यांजवळ वाळलेल्या कूलंटचे डाग शोधा. घाईत केलेल्या तपासणीत नेमकं हेच राहून जातं.

बॉडीचा ६५ टक्के भाग कार्बन मिश्रणाचा आहे, उरलेला अ‍ॅल्युमिनियमचा. बंपर किंवा दरवाजा बदलणं एक वेळ शक्य आहे. छताच्या खांबापर्यंत गेलेला मार मात्र वेगळा. मागावर विणलेला भाग सामान्य कार्यशाळेत मूळच्या ताकदीचा करता येत नाही. अशी गाडी स्वस्तात मिळत असेल तर ती स्वस्त नाही.

गाडीच्या आतली क्रमांकाची पट्टी, इंजिनावरची सही आणि कागदांतले क्रमांक यांचा मेळ लावा. न्यूर्बर्गरिंग पॅकेज असलेली गाडी असेल तर आणखी सावध व्हा. त्या गाड्यांना ५७१ अश्वशक्ती, मागे कायमचा पंख आणि गिअर बदलायला ०.१५ सेकंद होते. २०११ मध्ये शर्यतचालक अकिरा ईदा यांनी अशाच गाडीत ७ मिनिटं १४.६४ सेकंदांची फेरी मारली होती. पंख नंतरही बसवता येतो, म्हणून मूळ कारखान्याच्या नोंदीशिवाय पॅकेजचे जादा पैसे देऊ नयेत.

पायरी ६: दोन्ही चालवून पाहा, एकाच आठवड्यात

गाडी थंड असताना सुरू होताना हजर राहा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसरी वेळ मागा. तेल पूर्ण तापेपर्यंत फेऱ्या चढवू नका. मग एका मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये खालून वरपर्यंत एकदा जाऊ द्या.

कॅरेरा जीटीमध्ये पहिली जाणीव होते ती फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या, हलकेपणाची. पाय उचलला की फेऱ्या तत्क्षणी पडतात, गिअरच्या लाकडी मुठीवर हात असतो, मागून धातूचा खडखडाट येत असतो. एलएफएमध्ये आवाजाचीच रचना केलेली आहे. इंजिनात हवा जाण्याचा नाद केबिनपर्यंत आणला आहे, आणि ६,००० च्या पुढे तो असा चढत जातो की वेगाकडे लक्षच राहत नाही. मला विचाराल तर आवाजात एलएफएला तोड नाही, आणि हाता-पायांना मिळणाऱ्या समाधानात कॅरेरा जीटीला नाही. हे एकाच आठवड्यात अनुभवा, कारण महिन्याभराच्या अंतराने आठवणी एकमेकींत मिसळतात.

पायरी ७: बाजार वाचा

एलएफएची अमेरिकेतली मूळ किंमत ३,७५,००० डॉलर होती. उत्पादन संपल्यावरही काही वर्षं तिथे कोऱ्या गाड्या विक्रेत्यांकडे पडून होत्या. कॅरेरा जीटी नवी असताना तिथे ४,४०,००० डॉलरला होती, आणि तिच्यावरही एकेकाळी सवलती मिळाल्या. आज दोन्हींचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर आहेत. पण त्या जुन्या काळाची आठवण ठेवा, भाव एकाच दिशेने जातात असं समजू नका.

कॅरेरा जीटी अडीचपट जास्त बनल्या, म्हणून त्यांचे व्यवहारही जास्त होतात आणि वाजवी किंमत काढणं सोपं जातं. एलएफएच्या बाबतीत वर्षभरात हाताशी येणारी उदाहरणं थोडी, त्यात रंग, देश आणि पॅकेज वेगळं. तिथे एका लिलावाचा आकडा हाच बाजारभाव धरू नका. विक्रीला लावलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांची वेगळी यादी ठेवा.

देशाबाहेरून आणायची असेल तर नियम आधी बघा. अमेरिकेत २५ वर्षांहून जुन्या गाडीला तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते. म्हणजे युरोपसाठी बनलेल्या पहिल्या कॅरेरा जीटी २०२८ पासून तिथे सहज जाऊ शकतील, तर जपानसाठी बनलेल्या एलएफएला २०३५ च्या शेवटापर्यंत थांबावं लागेल. सगळ्या कॅरेरा जीटी डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या आहेत, तर जपानी एलएफए उजव्या हाताच्या. तुमच्या देशात कोणती नोंदवता येते, हे आगाऊ रक्कम देण्याआधी कळायला हवं.

पायरी ८: निर्णय

माझा कल सांगतो. जवळ चांगला पोर्शे तंत्रज्ञ असेल, हाताने गिअर टाकण्याची आवड असेल आणि शिकायची तयारी असेल तर कॅरेरा जीटी घ्या. ती पुढे विकायलाही सोपी. त्यातही कमी चाललेली घेण्यापेक्षा नियमित चाललेली, सांधे बदललेली, क्लचचं मोजमाप हातात असलेली घ्या. काही हजार किलोमीटर जास्त असले तरी चालतील.

एकच गाडी आयुष्यभर ठेवायची असेल आणि विकायचा विचार मनात नसेल, तर मी एलएफए घेईन. अट एकच: व्यवहाराच्या आधी, जी कार्यशाळा ती सांभाळणार आहे तिच्याकडून पुढचा बंपर, हेडलाइट, काच आणि क्लच यांच्या उपलब्धतेबद्दल लेखी उत्तर मिळालं पाहिजे. उत्तर मोघम आलं तर मन कितीही ओढ घेवो, थांबा.

घरी आणल्यावर

पहिल्या महिन्यात सगळी तेलं आणि द्रव बदलून घ्या, आधीच्या मालकाने नुकतीच बदलली असली तरी. ठरलेल्या किमतीचा विमा लगेच घ्या, कारण साधा विमा घसारा धरतो आणि या गाड्यांना घसारा लागू पडत नाही. गाडी उभी असेल तेव्हा बॅटरीला देखभाल-चार्जर लावलेला असावा. दर दोन-तीन आठवड्यांनी ती बाहेर काढून तेल पूर्ण तापेपर्यंत चालवा. जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवून बंद करू नका, त्याने एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं आणि तेलात ओलावा राहतो. प्रत्येक फेरीची तारीख, किलोमीटर, टायरमधली हवा आणि काही वेगळा आवाज आला असेल तर तो एका वहीत टिपा, आणि ती वही बिलांच्या फाइलमध्येच ठेवा.